वळवलेल्या चपला

आता सांगितलं तर पोरं हसतात, पण पंच्याण्णव साली कॉम्प्युटरच्या खोलीत चपला घालून जायची कुणाची टाप नव्हती. धूळ आत गेली की मशीन बसतं, असं आमचे उत्तम सर सांगायचे, आणि मशीनची किंमत अशा काही आवाजात सांगायचे की ऐकणारा आपोआप दोन पावलं मागे सरायचा. काचेच्या दाराबाहेर एक लोखंडी मांडणी होती. तिच्यावर आमच्या चपला, आणि आत थंडगार एसीत आम्ही अनवाणी.

ऑफिस मीरा रोडला, शांती नगरच्या पार मागच्या टोकाला, तळमजल्यावर. पुढच्या बाजूला बिल्डिंगा, किराणा, झेरॉक्स, फरसाणवाला. मागची खिडकी उघडली की मिठागर. म्हणजे जेवढं उरलं होतं तेवढं. आमची बिल्डिंगही मिठागरावरच उभी होती, भरणी टाकून बुजवलेल्या. ती जागा पूर्वी आमच्याच ऑफिसातल्या चांदणीच्या वडलांची, नाथाभाऊंची. मीठ पिकवणारं घर ते. जागा विकली तेव्हा बिल्डरकडे शब्द टाकून त्यांनी पोरीला इथे डाटा एन्ट्रीला लावली. चांदणी रोज बापाच्या शेतावर एसीत बसायला येते, असं कुलदीप तिला चिडवायचा.

कुलदीप आमचा सीनियर प्रोग्रामर. सीनियर म्हणजे माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठा, पण तोरा वीस वर्षांचा. मला काम त्यानंच शिकवलं. पहिल्या आठवड्यात मी कारखान्यातल्या कामगारांच्या पगाराचा प्रोग्राम लिहिला आणि त्यात पुढच्या नावावर जा हे सांगायलाच विसरले. प्रिंटर सुरू केला, तर एकाच कामगाराचं नाव छापत सुटला, कागदामागून कागद. कुलदीप पोट धरून हसला. "पंचशीला, बिचाऱ्याला घरी जाऊ दे गं!" मग हसणं आवरून म्हणाला, "सुन, चूक शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बदलायचं, चालवायचं, बघायचं. चार गोष्टी एकदम बदलल्यास तर मेलीस."

मला ही नोकरी हवीच होती. का, तेही सांगते. माझी आई, वैजयंता, भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशला होती. दिवसभर उभ्यानं. वडील मी शाळेत असतानाच गेले, तेव्हापासून ती उभीच होती म्हणा ना. रात्री तिचे पाय सुजून टम्म व्हायचे. जेवणं झाली की मी पायथ्याशी बसून ते दाबायचे आणि ती म्हणायची, "जरा हळू गं." तेवढ्यातच तिला झोप लागायची. माझा पहिला पगार आला त्या दिवशी मी तिला कारखाना सोडायला लावला. ती नको नको म्हणत होती. "अजून पक्की कुठं झालीस तू? तीन महिने बघू म्हणालेत ना तुझे सर?" मी म्हटलं, होईन पक्की, तू आता दुपारी झोपायचं. आणि ती झोपायला लागली. नवघर रोडच्या मागच्या आमच्या चाळीत, एका खोलीत, पंख्याखाली, दार लोटून. बाईला दुपारची झोप काय असते ते पंधरा वर्षांत माहीत नव्हतं. मला किती बरं वाटायचं, काय सांगू.

तर या आईची एक सवय. घरी कुणीही येवो, पाहुणा, शेजारीण, वीजबिल द्यायला आलेला माणूस, तो आत बसला की आई हळूच उठून त्याच्या चपला बाहेरच्या तोंडानं वळवून ठेवायची. "जाणाऱ्याला सोपं पडतं." परभणीकडून आली तेव्हा सोबत दोन भांडी आणि ही सवय घेऊन आली. हीच सवय मला लागली, आणि सगळं तिथूनच सुरू झालं.

ऑफिसात माणसं चार. उत्तम सर, कुलदीप, चांदणी, मी. दाराबाहेर जोड मात्र पाच. पाचवा जोड खाली, फरशीवरच असायचा. जाड, टायरच्या तळाच्या चपला, मिठागरावर घालतात तसल्या. कडेनं पांढरी खार चढलेली. त्यांचं तोंड कायम दाराकडे. मला आधी वाटलं, एसीवाल्याच्या असतील. मग वाटलं, नाथाभाऊ विसरले असतील. कुणाला विचारलं नाही. नव्या माणसानं किती प्रश्न विचारायचे? आणि खरं सांगते, बाकीच्यांनाही तसंच वाटत असणार. कुलदीपला वाटायचं सरांच्या, सरांना वाटायचं कुणाच्या तरी.

एप्रिलातली एक दुपार. चहाला बाहेर आले, हात रिकामे होते, म्हणून सगळ्यांच्या चपला वळवल्या. ओळीनं, बाहेर तोंड करून. पाचवा जोडही. तो उचलला तेव्हा हाताला गार लागला, आणि ओला.

कुलदीपनं बाहेर येऊन पाहिलं आणि हात जोडले. "आली रे आली, ऑफिसची आई आली!"

चांदणी मात्र हसली नाही. ती खालच्या जोडाकडे बघत होती. "ह्या पण तूच वळवल्यास?"

"हो. का गं?"

"काही नाही." मग कप हातात तसाच धरून, "आमच्यात मिठागरावर दुसऱ्याच्या चपलेला हात न्हाय लावत."

"का?"

"का म्हणजे? न्हाय लावत."

आमच्या घरात असल्या गोष्टींना थारा नव्हता. भिंतीवर दोन फोटो, कपाटात पुस्तकं; अंगारे, उतारे, बाहेरचं, आतलं, काहीही नाही. वडील गेले तेव्हासुद्धा आईनं कुणाला लिंबू ओवाळू दिलं नव्हतं. त्यामुळे मी मनात म्हटलं, घ्या, कॉम्प्युटरवर बसते आणि डोक्यात मिठागर.

संध्याकाळी निघताना आतल्या फरशीवर ओले ठसे दिसले. अनवाणी पायांचे. कोपऱ्यातल्या रिकाम्या खुर्चीपासून काचेच्या दारापर्यंत. फक्त बाहेर येणारे. कुलदीप म्हणाला, एसी गळतोय. मीही तेच म्हणाले. फडक्यानं पुसले तर फरशीवर पांढरी पुटं राहिली.

बाहेर तो जोड नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो बिल्डिंगच्या पायरीवर होता. मी ज्या बाजूनं घरी जाते त्या बाजूला तोंड करून. मी हसले. नेला असेल कुणीतरी नि टाकला असेल. त्यानंतर तो गेटबाहेर दिसला, रिक्षा उभ्या राहतात तिथे. त्यानंतर फरसाणवाल्याच्या दुकानापुढे. दरवेळी ओला. एप्रिलच्या उन्हात, जिथे अंगावरचा सदरा मिनिटात वाळतो, तिथे त्या चपलांखाली पाण्याचा डाग. आणि तोंड कायम पुढे, आमच्या नवघरच्या रस्त्याकडे.

मी सरळ कुलदीपला धरला. "बस झालं हं आता. मस्करीची कुस्करी होईल."

"कसली मस्करी?"

"चपला कोण ठेवतंय माझ्या वाटेवर?"

मी त्याच्या कानांकडे पाहिलं. त्याला खोटं बोलता येत नाही, बोलताना कान लाल होतात. त्याचे कान तसेच्या तसे होते. "आईची शपथ, पंचशीला. क्या हो गया तेरेको?"

मग मी त्यानंच शिकवलेलं केलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. शांती नगरच्या मागून नवघरकडे कच्चा रस्ता जायचा, दोन्ही बाजूंना मिठागराचे बांध. तिथे बांधावर मला त्या दिसल्या. मी पायानं त्या उलट्या फिरवल्या, तोंड ऑफिसकडे. दुसऱ्या दिवशी पुढे नाल्यावरच्या मोरीच्या कठड्याशी होत्या, तोंड आमच्या घराकडे. तिथून मी त्या काठीनं मिठागराच्या पाण्यात ढकलल्या. टायरच्या चपला, तरंगायला हव्या होत्या. दगडासारख्या बुडाल्या. त्याच्या दुसऱ्या दिवशी मोरीच्या पलीकडे, पिंपळाखाली. मी मान फिरवून, न बघता पुढे गेले. तर पुढच्या दिवशी चाळीच्या कोपऱ्यावर, नळाशी. बायका बादल्या घेऊन शेजारी उभ्या होत्या. कुणाचंही लक्ष नव्हतं.

त्या संध्याकाळी मी आईच्या पायांशी बसले आणि दाबता दाबता मधेच थांबले. ती म्हणाली, "काय गं, दमलीस?" मी म्हटलं, काम वाढलंय. काय सांगणार होते? कोणाला सांगू की नळाशी चपला आहेत आणि मला भीती वाटतेय? चपलांची! पण वाटत होती. आणि सगळ्यात वाईट हे, की नळापासून पुढे आमचीच खोली होती. आणि दुपारी तिथे आई एकटी असायची, दार लोटून.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना मी दाराबाहेर नीट पाहिलं. आईचा जोड, माझा जोड. दुसरं काही नाही. नळाशीही काही नाही. मला वाटलं, संपलं. रस्ताभर मी स्वतःलाच शिव्या घालत गेले.

त्या दिवशी ऑफिसात मोठं काम होतं. एका कारखान्याला प्रोग्राम द्यायचा होता, आणि त्यातला अर्धा भाग माझा. सर सकाळपासून घड्याळाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघत होते. दुपारी जेवणाच्या सुट्टीत चांदणी माझ्या शेजारी डबा घेऊन बसली. डबा उघडला नाही.

"त्या चपला कुठं गेल्या?" तिनं विचारलं.

मी तिला सगळं सांगितलं. पायरी, गेट, बांध, मोरी, नळ. सांगताना मीच माझा आवाज ऐकत होते, किती वेडगळ वाटत होता तो. चांदणीचा चेहरा उतरत गेला. एरवी एखादा शब्द सोडला तर ती माझ्याशी आमच्यासारखंच बोलायची, पण तेव्हा एकदम घरचं बोलायला लागली.

"बाबाला इचारला मी काल. त्यो पयला बोलतच नव्हता. मंग बोलला, बांधावर कुनाच्या चपला दिसल्या तर त्या तशाच र्‍हाऊ द्यायच्या. आत गेलाय त्यो आतच हाय. कुनी वळवल्या तर त्यो भायेर येतो. वळवील त्याच्या मागं घरापर्यंत येतो."

"कोण तो?"

"मना न्हाय म्हाईत. बाबाला पन न्हाय."

"आणि घरापर्यंत आला की?"

चांदणीनं डब्याच्या कडीशी चाळा केला. "दारात थांबतो, बोलला. चपला आत तोंड करून ठेवतो नि थांबतो. घरातल्या कुनी हात लावला न्हाय तर जातो परत. पन घरातल्या कुनी परत वळवल्या, तर त्यो घरातला पावना झाला, मंग त्यो आत येतो नि..." तिनं माझ्याकडे पाहिलं. "घरात कोन हाय तुझ्या?"

मला आईचा आवाज ऐकू येत होता. जाणाऱ्याला सोपं पडतं.

मी उठले. सरांच्या टेबलाशी गेले आणि म्हटलं, सर, मला आत्ता घरी जायला लागेल.

"आत्ता?" सरांनी चष्मा काढला. "आज? वेड लागलंय का? आज जर गेलीस ना पंचशीला, तर उद्या यायची तसदी घेऊ नकोस."

एवढंच हवं होतं मला आयुष्यात, ती नोकरी. आईचे पाय त्या नोकरीवर टेकलेले होते. मी दाराबाहेर आले, चपला सरकवल्या आणि पळत सुटले.

रिक्षा मिळाली नाही. कच्च्या रस्त्यानं निघाले. ऊन मरणाचं होतं, मिठाचे ढीग डोळ्यांत खुपत होते. मोरी गेली. पिंपळ गेला. वाटेत कुठेही तो जोड नव्हता. असता तर किती बरं झालं असतं. मी चक्क शोधत होते.

नळावर कुणी नव्हतं. चाळ दुपारची सुस्त पडली होती. कुणाच्या तरी घरात रेडिओ लागला होता.

आमचं दार लोटलेलं होतं.

पायरीवर दोन जोड होते. आईचा, आणि तो. जवळ जवळ, नीट, एका ओळीत.

दोन्ही बाहेर तोंड करून.

मी चपला काढल्या. का काढल्या, कुणास ठाऊक. सवयीनंच पाय बाहेर आले. दार ढकललं.

एकच खोली. एका नजरेत सगळी दिसते. स्टोव्ह, कपाट, मोरी, भिंतीवरचे फोटो, पंखा. आणि कॉटवर आई, भिंतीकडे तोंड करून झोपलेली, पाय चादरीबाहेर. दुसरं कुणी नाही. खरंच कुणी नाही. मला एवढं हायसं वाटलं की रडूच आलं. मी उंबऱ्यावर तशीच उभी राहिले, दाराला धरून.

"आलीस?" आई झोपेतच म्हणाली.

मी हो म्हणणार होते.

"जरा हळू दाब गं," आई म्हणाली.

मी दारात होते. तिच्यापासून लांब.

"आणि हात किती गार तुझे. दिवसभर त्या एसीत बसायचं म्हणजे..." तिनं सुस्कारा सोडला. "चपला वळवून ठेवल्यात मी. किती ओल्या करून आणल्यास."

मी तिच्या पायांकडे पाहिलं. पोटरीवरची कातडी खाली दबत होती. वर येत होती. सावकाश. परत थोडी खाली, घोट्याकडे, दबत होती. वर येत होती. जिथे दबली होती तिथे पांढरं राहत होतं.

पायथ्याशी कॉटचा काठ वाकला होता. कुणी बसलं की वाकतो तेवढा.

"आई," मी म्हटलं.

आवाज दारातून आला. तिच्या पायांकडून नाही. तिला ते कळलं. मला दिसलं, तिची पाठ कशी ताठ झाली ते.

तिनं सावकाश मान वळवली. डोळे उघडले. आधी मला बघितलं, उंबऱ्यावर उभी, उन्हातून आलेली, घामानं भिजलेली. बराच वेळ बघत राहिली. मी एक पाय आत टाकला.

"शीला," ती अगदी हळू म्हणाली. मी लहान असताना ताप आला की बोलायची, त्या आवाजात. "आत येऊ नकोस. चपला घाल, आणि जा."

"आई, तू..."

"जा म्हटलं ना."

हे बोलताना तिनं पायथ्याकडे एकदाही पाहिलं नाही. फक्त पाय जरा सरकवले, आणि जागा करून दिली.